गुण्यात

खंडोबाच्या माळाजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जाळीचं दार करायला टाकलं होतं. अँगलचे चार तुकडे जमिनीवर मांडलेले, कोपऱ्यांना नुसते टाके मारलेले. मिस्त्री सोलापूरकडचे, हाताखालचा पोरगा बिहारचा. "उस्ताद, गुनिया किधर?" पोराने विचारलं. "गुण्या? तो काय, ग्राइंडरपाशी." दोघांनीही आपापली भाषा सोडली नाही आणि गुण्या हातात आला. चारी कोपरे बघून झाले तसे मिस्त्री म्हणाले, "आता डायगोनल घे." टेप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उलटा. समोरासमोरच्या बाजू सारख्या होत्याच, दोन्ही कर्णही सारखे निघाले, म्हणजे चौकट गुण्यात आली. आता पूर्ण वेल्डिंगला हरकत नाही.

दार राहिलं बाजूला, मी त्या दोन शब्दांतच अडकलो. ग्रीकांचा 'गोनिया', म्हणजे कोपरा, कोन. तो इराणात जाऊन गुनिया झाला, तिथून हिंदुस्थानी सुतार-गवंड्यांच्या पिशवीत आला आणि मराठीत येऊन धोंड्या-कोंड्याच्या पंगतीत बसावा तसा गुण्या झाला. डायगोनलच्या पोटातही तोच गोनिया आहे, पण त्याची वाट निराळी: लॅटिन, मग इंग्रजी, मग आगबोटीने इथे, कारखान्यांच्या ड्रॉइंगवर. एक भाऊ खुश्कीने आला, दुसरा दर्यातून, आणि आकुर्डीत एका पत्र्याच्या शेडखाली एकाच चौकटीवर कामाला लागले. तिसरा तिथेच डब्यात पडला होता, हेक्सागोनल बोल्ट. त्याला सगळे नुसतं हेक्स म्हणतात. गोनिया तेवढा गळून गेला.

ग्रीकांचे शब्द आपल्या पंचांगातही मुरलेले आहेत. होरा त्यांचा, केंद्र त्यांचं. पत्रिकेत लग्नस्थानाच्या बरोब्बर समोर येणारं सातवं घर, विवाहाचं, त्याला ज्योतिषी जामित्र म्हणतात. तो ग्रीकांचा 'डायामेत्रोस', म्हणजे व्यास. स्थळं जुळवणारे गुरुजी आणि अँगल सांधणारे मिस्त्री एकाच शाळेतले निघाले, याचा मला फार आनंद होतो.

माझे मामा टूलरूमला फिटर होते. १९७२ साली चेतक स्कूटर आली आणि आकुर्डीचं नाव घरोघर गेलं, त्या पिढीतले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या बनियनच्या तेलकट फडक्यात एक सहा इंची गुण्या असे. पातं निळसर, दांड्याला रिवेट, आणि आतल्या कोपऱ्यात एक इवलीशी खाच. ती खाच का, हे त्यांनी मला कानशीने घासलेला लोखंडाचा तुकडा हातात देऊन दाखवलं. घासलेल्या कडेवर बर राहते, ती कोपऱ्यात अडली तर गुण्या नीट टेकत नाही. खाचेत तिला जागा मिळते. मग तुकडा आणि गुण्या एकत्र धरून खिडकीकडे करायचा. "उजेड बघ," मामा म्हणायचे. पात्याखालून उजेडाची रेघ आली की तिथे लोखंड कमी. केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. त्याच्याहून कितीतरी बारीक फटीतून उजेड येतो आणि तो डोळ्याला दिसतो. कुठलंही मीटर लागत नाही. हे तेव्हाही मला अद्भुत वाटलं होतं, आजही वाटतं.

आणि गुण्या स्वतः गुण्यात आहे हे कशावरून? तेही त्यांनी दाखवलं. पत्र्याच्या सरळ कडेला दांडा टेकवून स्क्राइबरने रेघ ओढायची, गुण्या पालथा करायचा, त्याच बिंदूतून दुसरी रेघ. एकावर एक बसल्या तर हत्यार खरं. फाकल्या, तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी गुण्याची चूक. दर दिवाळीला पेटी पुसताना ते ही परीक्षा घ्यायचे.

प्राधिकरणात फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मामांनी खिशातून सुतळीच काढली. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार, आणि मधलं अंतर पाच भरतं का. भरलं नाही. बिल्डरचा माणूस सांगत होता की साहेब, फर्निचर लागलं की कळतही नाही. मामांनी त्याला फक्त शेवटची फरशी दाखवली: एका टोकाला चार बोटं, दुसऱ्या टोकाला दोन. शुल्बसूत्रांतले वेदी रचणारे हेच दोरीने करत. शुल्ब म्हणजे दोरीच.

गुण्याला लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणत. त्याने तपासून केलेलं ते नॉर्मल. डिप्लोमाच्या मुलांना अजूनही पृष्ठभागाला लंब रेघ म्हणजे नॉर्मल असंच शिकवतात. पण रक्ताच्या रिपोर्टवर आणि बोलण्यात नॉर्मल म्हणजे चारचौघांसारखं, आणि ही घसरण मला आवडत नाही. चारचौघांची सरासरी काढून कोपरा सरळ होत नाही. फ्रान्समध्ये १७९४ साली शिक्षक घडवायच्या शाळेला 'एकोल नॉर्माल' म्हटलं, ते मापाचा दंडक याच अर्थाने, आणि तेच नाव फिरत पुण्याला आलं. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते मिचेलबाईंचं नॉर्मल स्कूल.

आता आयटीआयच्या फिटर ट्रेडला मुलीही येतात. सुरुवातीचे आठवडे कानस, व्हाइस आणि गुण्या यांतच जातात, हातांना घट्टे पडेपर्यंत. वहीत मात्र त्या 'ट्राय स्क्वेअर' लिहितात, कारण परीक्षेला तेच विचारतात. पुस्तकात त्याच्या शेजारी गुण्या हा शब्द ठळक छापायला हवा, आणि त्याखाली त्याचा अथेन्सपासूनचा प्रवासही. फार तर चार ओळी लागतील.