फुकट, विनामूल्य आणि मोकळे

मराठीत ‘फुकट’ या शब्दाला प्रतिष्ठा नाही. फुकट जेवतो तो फुकटखाऊ, फुकट गेले ते वाया गेले. आणि ‘फुकट ते पौष्टिक’ असे म्हणणाऱ्याच्या ओठांवरचे हसू कौतुकापेक्षा कुचेष्टेचेच अधिक असते. निमंत्रणपत्रिकेवर म्हणून ‘प्रवेश विनामूल्य’ असे छापतात आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, ‘काही जागा राखीव’. या दोन ओळींत आपल्या सांस्कृतिक जीवनाचे बरेचसे समाजशास्त्र सामावले आहे असे आम्हांला पूर्वीपासून वाटत आले आहे.

2023च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता काही आठवडे शिकागोला भाचीकडे होतो. शिकागोत गेलेला मराठी माणूस प्रथम आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीपाशी जातो, कारण 1893ची सर्वधर्मपरिषद, जीत विवेकानंद बोलले, ती तिथे भरली होती. आम्हीही गेलो. तिथून केवळ एक रस्ता ओलांडला की मिलेनियम पार्क लागते. तिथे बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, शनिवारी साडेसातला, पाश्चात्त्य अभिजात संगीताची मैफल होते. विनामूल्य आणि उघड्यावर, जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आम्ही एकदा गेलो, मग जातच राहिलो.

त्या संगीताचे आम्ही जाणकार नाही, हे आधी सांगून टाकावे. पण हिरवळीवर जाणकारी कोणी विचारत नाही. लोक चटया पसरतात, डबे उघडतात, कुणी वाइनची बाटलीही काढतो. मुले लोळतात. मिशिगन अॅव्हेन्यूवरून अग्निशामक दलाची गाडी किंचाळत जाते आणि व्हायोलिने आपले काम चालू ठेवतात. रचनेचा एक भाग संपला की हिरवळीवरचे लोक टाळ्या वाजवतात. पुढच्या खुर्च्यांवरचे वाजवत नाहीत, कारण सगळे भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही असा तिथला शिष्टाचार. समेवर नकळत दाद देणाऱ्या परंपरेत वाढलेल्या आम्हांला हिरवळच जवळची वाटली. त्या खुर्च्या सुमारे चार हजार; त्यांतल्या काही वर्गणीदार सभासदांसाठी ठेवलेल्या असतात. ‘काही जागा राखीव’ इथेही आहेच! मात्र हिरवळीवर सात हजार माणसे मावतात, आणि तिच्यावर पोलादी नळ्यांची एक विस्तीर्ण जाळी कमानीसारखी तोलून धरली आहे. ध्वनिक्षेपक त्या जाळीला टांगलेले. त्यांतून येणारा आवाज क्षणाच्या अंशाने असा उशिरा सोडतात की तो डोक्यावरून नव्हे, रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. पैसे न देता शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही नीट ऐकू यावे म्हणून एवढा खटाटोप कुणी केला, याचेच आम्हांला अप्रूप वाटले.

जूनअखेरीस तिथे साडेआठला सूर्य मावळतो. मैफल भर उजेडात सुरू होते आणि संपेतो उंच इमारतींच्या खिडक्या एकेक करून उजळलेल्या असतात. पाश्चात्त्य संगीतात रागसमयाची कल्पना नाही. पण उघड्यावर ऐकताना वेळ आपोआप त्यात शिरते.

मैफलींहूनही आम्ही रमलो ते तालमींत. हा वाद्यवृंद दिवसा त्याच रंगमंचावर तालीम करतो आणि कुणीही येऊन बसावे. डब्यातले सँडविच खाणारे कचेरीतले लोक, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, आणि आम्ही. संचालक वाजवणाऱ्यांना थांबवतो, दोन शब्द बोलतो, तेच चार तुकडे पुन्हा, पुन्हा थांबवतो. तिसऱ्या वेळी काहीतरी बदललेले असते, काय ते सांगता येत नाही. तुकारामाचा अभंग वर्गात तिसऱ्यांदा वाचल्यावर मागच्या बाकावर जे कधीमधी घडते, ते हेच असावे.

या मैफली 1935 साली सुरू झाल्या. महामंदीचे दिवस होते. शिवाय बोलपट आल्यामुळे मूकपटगृहांतले वादक आधीच बेकार झालेले. वादकांच्या स्थानिक संघटनेचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो शहराच्या उद्यानमंडळावरही होता. त्याने सरोवरकाठच्या उद्यानात विनामूल्य मैफली सुरू करवल्या, त्या श्रोत्यांना विरंगुळा मिळावा म्हणून, पण तितक्याच वादकांना काम मिळावे म्हणून. पेट्रिलो मोठा खमक्या माणूस. पुढे राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाल्यावर 1942मध्ये त्याने देशभरच्या वादकांचे ध्वनिमुद्रणच बंद पाडले होते. श्रोत्याला संगीत फुकट मिळावे, पण वादकाने ते फुकट वाजवू नये, ही त्याची भूमिका. आम्हांला ती फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. श्रोत्याला विनामूल्य म्हटले की तबलजीनेही ‘सेवा’ करावी असे गृहीत धरले जाते.

आणि मूळ जागा? 1836मध्ये कालव्याच्या आयुक्तांनी नकाशावर या सरोवरकाठच्या पट्ट्यात एक टीप लिहिली होती: ही सार्वजनिक जमीन कायम खुली आणि इमारतींपासून मोकळी राहावी. इंग्रजी ‘फ्री’ शब्द तिथे या अर्थाने आला आहे. टपालाने माल विकणारा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी या एका टिपेसाठी 1890पासून 1911पर्यंत शहराशी न्यायालयात भांडला आणि जिंकला. हयातीत त्याच्या वाट्याला बोलणीच अधिक आली. फ्रँक गेरीने आखलेला आजचा रंगमंच 2004 साली उभा राहिला तो ‘इमारत नव्हे, कलाकृती’ अशी कागदोपत्री सोडवणूक करून! वकिली बुद्धी सर्वत्र सारखीच. आणि त्याच सरोवरकाठी 2005पासून उन्हाळ्यात लोलापलूझा हा तिकिटांचा महोत्सव भरतो, तेव्हा मैदानाला कुंपण पडते आणि त्याच्या गोंगाटामुळे आमच्या वाद्यवृंदाला शेजारच्या बंदिस्त नाट्यगृहात जावे लागते. टीप अजून आहे, भांडणही अजून आहे.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्यावर बसून ऐकायचे ते भाषण. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875पासूनची आहे. उघड्यावरचे गाणे गणेशोत्सवात व्हायचे. रस्त्यात सतरंज्या पडत, आणि ज्यांची तिकिटे परवडली नसती असे गवई गल्लीतल्या मुलांनी मांडीला मांडी लावून ऐकले. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. नियम योग्यच होता. कर्कश भिंतींच्या काळात तर आवश्यकच. पण त्यात उत्तररात्रीचे राग उघड्या आभाळाखालून उठून गेले, आणि भिंती मात्र मिरवणुकीत राहिल्या.

परतल्यावर आमच्या गावातल्या एका मंडळाने विनामूल्य सुगम संगीताच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक आमच्यासमोर ठेवले. मंडप, विद्युत रोषणाई, ध्वनिव्यवस्था, फलक, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार असे सगळे होते. पेटीवाले आणि तबलजी यांच्यापुढे रकमेच्या रकान्यात ‘घरचेच’ असे लिहिले होते. आम्ही तो शब्द खोडून दोन आकडे लिहिले. खजिनदारांनी चष्मा पुसला, आकडे पुन्हा वाचले आणि विचारले, “मग रोषणाई कमी करायची का?”