मागच्या सीटवरची फाईल

मे महिन्याची सुटी होती. फजरची नमाज पढून आम्ही मिरजेहून नांदेडला निघालो. सोबत शाळेपासूनचा दोस्त आणि त्याच्या मरहूम अब्बांची 2003 सालची मारुती 800. रस्ता साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. "एसटीने जा," असे घरच्यांनी दहा वेळा सांगितले होते. पण दोस्ताची थोरली बहीण नांदेडला दिलेली. 2004 साली तिची पाठवणी याच गाडीतून झाली होती. गाडी पाहून आपा खूश होतील, असे दोस्ताचे म्हणणे.

मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन होते, आपांसाठी बेदाणे होते आणि एक फाईल होती. फाईलमध्ये हक्कसोडपत्राचा मसुदा होता. चाचांना जाऊन चार वर्षे झाली, चाची त्यांच्या आधीच गेलेल्या. मिरजेचे घर अजून चाचांच्याच नावावर. मसुदा आपांना दाखवायचा, तारीख ठरवायची आणि त्यांना मिरजेला आणून दुय्यम निबंधक कार्यालयात सही घ्यायची, असा बेत होता. साक्षीदार म्हणून आमची सही. दोस्तीत एवढे करायचेच, म्हणून आम्ही हो म्हटले होते.

मंगळवेढा मागे पडेपर्यंत गाडी नीट चालली. पन्नासच्या वर न्यायची नाही, एवढेच पथ्य. चाचांनी आम्हा दोघांना याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवले होते. क्लच झटक्याने सोडला की ते ओरडत नसत, डॅशबोर्डवर हळूच बोटे वाजवत. त्या आठवणींत सोलापूर कधी आले कळले नाही. तिथे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन आम्ही तुळजापूरचा रस्ता धरला.

घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकू लागला. दोस्ताने हिटर सुरू केला. इंजिनची उष्णता थोडी आत ओढली जाते, तेवढाच त्याला आराम. एसी कधीचाच बंद, बाहेर मे महिना आणि आत हिटर! हसावे की रडावे कळेना. शेवटी बॉनेटमधून वाफ आली, तशी गाडी कडेला घेतली.

देवीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांची एक जीप थांबली. "मामा, पाणी पायजे का?" त्यांनी आणखी एक कॅन दिला आणि "गरम असताना टोपण उघडू नका," असे बजावले. चाचाही हेच सांगत. इंजिन थंड होईपर्यंत तासभर काढायचा होता. कडुनिंबाखाली चादर अंथरून आम्ही जोहरची कस्र नमाज पढलो.

सलाम फेरल्यावर दोस्त बराच वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मास्तर, एक विचारू? आपा नाही म्हणणार नाहीत, मला माहीत आहे. पण त्या हो म्हणतील, ते खुशीने असेल का?"

खरे तर हा प्रश्न निघण्यापूर्वी आम्ही विचारायला हवा होता. विचारला नाही, कारण आमचे स्वतःचे तोंड बंद होते. अब्बा गेले तेव्हा आमच्या दोन बहिणींनी अशाच कागदावर सह्या केल्या होत्या. चहा झाला, मिठाई वाटली. "बहिणी कुठे हिस्सा मागतात?" असे सगळे म्हणाले आणि आम्हाला ते ऐकायला बरे वाटले. आम्ही ही गोष्ट दोस्ताला त्या झाडाखाली पहिल्यांदा सांगितली.

सूरह निसाच्या 11व्या आयतीत मुलींचा हिस्सा ठरवून दिला आहे. मुलाला दोन मुलींइतका. म्हणजे एक भाऊ आणि एक बहीण असेल, तर बहिणीचा तिसरा भाग. पुढच्याच आयतींत या वाटण्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले आहे. भावाने मेहरबानी म्हणून द्यायची ही वस्तू नाही. ती तिचीच आहे. हातात पडल्यावर तिने खुशीने परत केली, तर गोष्ट वेगळी. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. अडचण माहितीची नव्हती, नियतीची होती.

गाडी निवली. लातूरला पाण्याचा पाईप बदलून घेतला. नांदेडला पोहोचायला इशा उलटली. आपा फाटकातच उभ्या होत्या. आधी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, मग भावाच्या डोक्यावर. जेवताना विचारत राहिल्या, अंगणातले जांभूळ आहे ना, माडीचे कौल शाकारले का. फाईल गाडीतच राहिली.

सकाळी चहा घेताना दोस्त म्हणाला, "आपा, घरात तिसरा हिस्सा तुमचा आहे. एकदम देता येणार नाही. किंमत काढून घेऊ, मी हप्त्याहप्त्याने देईन."

आपा गप्प झाल्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चार वर्षं वाट पाहिली रे. मागितलं असतं तर माहेर तुटलं असतं. तू सही मागायला आला असतास तर मी केली असती. पण पुन्हा त्या अंगणात पाय ठेवला नसता."

आम्हाला ते शब्द आमच्या बहिणींच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटले.

परतताना मागच्या सीटवर बेदाण्यांच्या जागी आपांनी दिलेली लोणच्याची बरणी होती. फाईल तशीच होती. घरी पोहोचल्यावर दोस्ताने तो मसुदा फाडला. आम्ही त्याच रात्री दोघी बहिणींना फोन केला. थोरली म्हणाली, "आता कशाला भाऊ?" धाकटी काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ आता आम्हाला कळतो. हिशेब मांडला आहे, अजून पुरा व्हायचा आहे.

वाचक भावांनो, आपल्याही घरात अशी एखादी सही असेल, तर बहिणीच्या गप्प राहण्याला तिची खुशी समजू नका. हक्कदाराचा हक्क हयातीतच देण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.