चाकांवरचं हिवाळी गाव

दहा नंबरच्या महामार्गाने कॅलिफोर्निया सोडून कोलोरॅडो नदी ओलांडली, की थोड्याच वेळात अ‍ॅरिझोनातलं क्वार्टझसाइट येतं. २०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार. मी पोचलो जानेवारीत, आणि पाहतच राहिलो. उघड्या वाळवंटात, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत, घरंच घरं. आणि प्रत्येक घराला चाकं! बस, ट्रेलर, व्हॅन. दारापुढे चटई, छतावर सोलर पॅनेल, आणि खुर्च्यांवर उन्हं खात बसलेली साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं. कॅनडापासूनची मंडळी बर्फ चुकवायला इथे येतात. उन्हाळ्यात पारा आमच्या चंद्रपूरसारखा पंचेचाळिशी गाठतो, त्याच्या आत ही वस्ती उठलेली असते.

आमच्या सावली तालुक्यात धानाची कापणी झाली, की कुरमार मेंढपाळांचे कळप रिकाम्या बांध्यांमध्ये बसतात, तसाच हा हंगामी मुक्काम. इथे मात्र त्याला सरकारी चौकट आहे. अमेरिकेच्या केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याने १९८३ पासून अशा दीर्घ मुक्कामाच्या जागा आखून दिल्या. गावाला लागूनच ला पोसा हे सुमारे ११,४०० एकरांचं रान आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा हंगाम; त्याचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत असे. तेवढ्यात पाणी भरायचं, सांडपाणी रिकामं करायचं, कचरा टाकायचा. वीज आपली आपण करायची. संडासाजवळच्या जागा सोडल्या, तर गाडीला किमान दहा गॅलनची सांडपाण्याची टाकी हवीच.

एका निवृत्त परिचारिकेने मला तिचा तळ कसा ठरतो ते दाखवलं. कोरड्या ओढ्यात गाडी लावायची नाही. दूरच्या डोंगरात पाऊस झाला तरी लोंढा येतो. दार वाऱ्याच्या आड, पॅनेलचा कल दक्षिणेला. टाकीतलं दीडशे-दोनशे लिटर पाणी किती दिवस पुरवायचं, याचा हिशेब तिला तोंडपाठ होता. ती एकटी राहत होती. सकाळी तिच्या खिडकीचा पडदा सरकला नाही, तर शेजारी दार ठोठावत.

आजारपणाचं काय, हे मी विचारलंच. तिने टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनचं नाव घेतलं. १९७८ मध्ये सुरू झालेल्या एस्केपीज या भटक्यांच्या क्लबाचा तिथे मुख्य तळ आहे. तिथेच थकलेल्या सभासदांसाठी केंद्र आहे. माणूस स्वतःच्या गाडीतच राहतो आणि जेवण, देखभाल त्याला मिळते. म्हातारपणी आपलं दार आपल्याच हाती राहावं, म्हणून इतका विचार झालेला पाहून मी थक्क झालो.

ही मोकळीक पैशापेक्षा सार्वजनिक पाण्यावर, नेमक्या नियमांवर आणि शेजारधर्मावर उभी आहे, असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कारवाँ पर्यटनाचं धोरण केलं आहे. सावली तालुक्यात आसोला-मेंढ्यासारखा तलाव आहे, आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत हवा सुखाची असते. निवृत्त शिक्षक, पोस्टमन, परिचारिका यांनी इथे हिवाळा काढावा असं वाटत असेल, तर जंगलापासून सुरक्षित अंतरावर एक मैदान निवडावं. स्वागताची कमान नंतर उभारता येईल. आधी पिण्याचा नळ, सांडपाण्याची टाकी आणि आठवड्यातून ठरल्या दिवशी येणारा डॉक्टर, एवढं पक्कं करावं.