पान ११२

२०१० साली भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' आली आणि मी ती लगेच घेतली. ६०० पानांचं ते पुस्तक पौडच्या घरात पाहुण्यांना दिसेल असं ठेवलं. खूण म्हणून ११२व्या पानात बसचं तिकीट घातलं, ते तिथंच राहिलं. नेमाड्यांना २०१४चं ज्ञानपीठ जाहीर झालं, तेव्हा मात्र कट्ट्यावर तासभर बोललो. पूर्ण वाचलीस का, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मत पक्कं होतं : जाड कादंबऱ्या लोक वाचत नाहीत, वाचल्याचं मिरवतात. आपल्यावरून जग ओळखलं होतं मी.

गेल्या आषाढात ताम्हिणीकडून असा पाऊस लागला की तीन दिवस वीज नाही. मोबाइल बंद पडला म्हणून पुस्तक काढलं. स्वयंपाकाच्या मावशी पावसात अडकलेल्या. म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा की, मलाबी ऐकू द्या." माझ्या मनात आलं, यांना काय कळणार! लिहितानाही लाज वाटते. न कळून पुस्तक मिटणारा तर मीच होतो.

पहिल्या पानापासून सुरू केलं. मोहेंजोदडोच्या उत्खननातला नायक खंडेराव, मग त्याची आत्या, मग त्याचं गाव मोरगाव, मग आणखी मागे. इथंच मी चिडायचो, की गोष्ट सुरू कधी होणार? मावशी चिडल्या नाहीत. मला थांबवून त्यांनी आजेसासऱ्यांचं मुळशी धरणात गेलेलं घर काढलं. सुरुवात म्हशीपासून, मग नणंदेचं लग्न, पाण्याखालच्या खाचरांची नावं, भाऊबंदकी आणि अर्ध्या तासानं पुन्हा म्हैस. मी एकदाही "मुद्द्यावर या" म्हटलं नाही. तोंड उघडं टाकून ऐकत होतो. मांडीवर तसंच बोलणारं पुस्तक उघडं होतं आणि त्याला मी इतकी वर्षं मुद्दा विचारत होतो!

गावात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. ९००० ओव्या. मधे डुलकी लागते, चहा होतो, कळलं नाही ते तसंच पुढं जातं. पुढच्या वर्षी माणसं पुन्हा बसतात. कादंबरीला ही सवलत द्यायचं मला सुचलंच नाही. शाळेतली परीक्षा माझ्या डोक्यातून गेली नव्हती. अर्थात काही जाड पुस्तकं सोडलेलीच बरी, ते मत अजून आहे.

तिकीट आता ३४०व्या पानात आहे. मधली काही गाळली, तेही सांगून टाकतो. वीज आली तशी मावशींची घाई परतली. तरी भाकरी थापता थापता विचारतात, "खंडूचा बाप हाय ना अजून?"