दोघांना दिसणारा साठा

कॉस्टिक लायचा टँकर तारापूर एमआयडीसीत आला की त्याचं वजन दोनदा होतं. आधी भरलेल्या टँकरचं, मग रिकाम्याचं. वजाबाकी करून जे उरतं तो माल. पण लाय म्हणजे पाण्यात विरघळलेला कॉस्टिक सोडा आणि तिचा भाव ठरतो त्यातल्या शंभर टक्के कॉस्टिकवर. म्हणजे ४८ टक्क्यांची २० टन लाय उतरली, तर पैसे द्यायचे ९.६ टनांचे. स्टोअरवाला टाकीत २० टन मोजतो, अकाउंट्सवाला ९.६ टनांचं बिल पास करतो आणि दोघंही बरोबर असतात. या दोन आकड्यांवरून महिनाअखेरीला झालेली भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत.

बोईसर-पालघर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी क्लाउडवर आणून देणं, हा माझा धंदा. पुरवठादार, जॉब वर्कवाला आणि गिऱ्हाईक या तिघांनी साठा, ऑर्डर आणि चलन यांची एकच नोंद आपापल्या ऑफिसात बसून पाहायची, एवढंच त्यात आहे. सर्व्हर दुसऱ्याचा, भाडं महिन्याचं. अवघड काम आहे ते माणसांकडून कबूल करून घेण्याचं. म्हणून मी सुरुवात कॉम्प्युटरपासून करतच नाही. दोन्ही कंपन्यांचे स्टोअरवाले समोरासमोर बसवतो आणि मालाची यादी करायला लावतो. मालाचं नाव काय लिहायचं, वजन ओलं धरायचं की शंभर टक्क्यांवर, बॅच नंबर कुणाचा चालवायचा, टेस्ट रिपोर्ट टँकर सुटण्याआधी चढवायचा की नंतर, काटा कुणाचा मानायचा आणि किती किलोच्या फरकापर्यंत कुणी फोन करायचा नाही. ही यादी नीट झाली की पुढचं काम सोपं होतं. ती न करता घेतलेलं महागडं सॉफ्टवेअर जुनीच भांडणं लवकर दाखवतं, दुसरं काही करत नाही.

मालकांची भीती वेगळी असते. ‘साहेब, आमचा साठा पार्टीला दिसला तर उद्या भाव पाडून मागतील.’ भीती खोटी नाही. म्हणून दराचा रकाना झाकायचा, गिऱ्हाइकाला फक्त त्याच्या ऑर्डरीपुरता साठा दाखवायचा आणि जो माणूस नोकरी सोडेल त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं. गेटच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे मालकाला पाठ असतं, तितकीच लॉगिन कुणाकडे आहेत ही यादीही पाठ हवी.

झालेल्या व्यवहाराची नोंद दोघांनी मिळून पाहायची सवय आपल्याला सरकारने लावली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला. १ एप्रिल २०१८पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झालं. ऑगस्ट २०२०पासून जीएसटीआर-२बी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांचा दर महिन्याचा पक्का तक्ता, घेणाऱ्याला पोर्टलवर आपोआप मिळू लागला. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२०मध्ये ५०० कोटींवरच्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि १ ऑगस्ट २०२३ला ५ कोटींवरच्या उलाढालीपर्यंत खाली आलं. जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत यायला हवा, नाहीतर तो विकलाच असं कायदा धरतो. त्यामुळे चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळणारा जवळजवळ प्रत्येक ट्रक आज कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर आधीच येऊन पोचलेला असतो.

पण हे सगळं झालेल्या व्यवहाराचं. पुढच्या महिन्यात काय लागणार, हे कुणी कुणाला दाखवायची सक्ती नाही. आणि खरा फायदा तिथेच आहे. मोठी कंपनी लहान पुरवठादाराचा रोजचा साठा पाहायला मागते, स्वतःचं प्रॉडक्शन प्लॅनिंग मात्र कुलपात ठेवते. इथल्या लहान केमिकल युनिटात रिअ‍ॅक्टर मोजकेच असतात. सोमवारी एक ऑर्डर, गुरुवारी तिसरीच, असं चाललं की दर बदलाला रिअ‍ॅक्टर धुवावा लागतो. धुण्यात एक पाळी जाते, सॉल्व्हंट जातं आणि सांडपाणी वाढतं. तीन महिन्यांचं वेळापत्रक हातात असेल तर एकाच मालाच्या बॅचेस लागोपाठ काढता येतात आणि धुणं कमी होतं. मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली होती. खाडीत मासे धरणाऱ्यांचा आणि खरेदी विभागाच्या एक्सेल शीटचा संबंध काय, असं वाटेल. संबंध या धुण्याच्या सांडपाण्यातून आहे.

पैशाचंही तसंच. लहान उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला हवं. उशीर होऊन वर्षअखेरीपर्यंतही पैसे दिले नाहीत तर, १ एप्रिल २०२४ला सुरू झालेल्या कर निर्धारण वर्षापासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या ४३बी(एच)च्या नियमाने, त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर बिल चढवून आधी पैसे उचलायची सोयही आहे. नोव्हेंबर २०२४च्या अधिसूचनेने २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली. पण घेणाऱ्याने तिथे ‘मान्य’ म्हटल्याशिवाय बँका बोलीच लावत नाहीत. आणि ‘मान्य’ म्हणायला त्याचा स्टोअरवाला, त्याचा काटा आणि त्याची लॅब एकाच आकड्यावर यायला हवी. म्हणजे गाडी पुन्हा २० आणि ९.६वर येते.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. नोंद एकाच बाजूने उघडी असेल तर ती पाळत होते, दोन्ही बाजूंनी उघडी असेल तरच भागीदारी. मोठ्या कंपन्यांच्या खरेदीवाल्यांना माझी एवढीच विनंती आहे: पुरवठादाराच्या साठ्याचं लॉगिन मागाल तेव्हा आपलं तीन महिन्यांचं वेळापत्रकही त्याला उघडून द्या. ते द्यायचं नसेल, तर त्याचा साठाही मागू नका.