अब्बांच्या खुर्चीजवळचे दोन स्पीकर

शिरोली एमआयडीसीत ज्यांची हयात गेली, त्यांच्याशी बोलताना आम्ही घरातल्या बायका नकळत आवाज चढवतो. फौंड्रीतला माणूस घरी आला की दारातूनच ओरडून बोलतो, टीव्ही मोठा लावतो, आणि पगार जमा झाला की नाही हे त्याच्या फोनवरून सगळ्या गल्लीला कळतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. "कारखान्यातला माणूस आहे," एवढं म्हटलं की विषय संपतो.

माझे सासरे, म्हणजे आमचे अब्बा, फेटलिंगला होते. साच्यातून काढलेल्या ओतीव कामाच्या कडांना जे जादा लोखंड राहतं, ते ग्राइंडरनं आणि छिन्नीनं काढायचं काम. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी तिथं खुणेनंच बोलावं लागतं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. फेटलिंगचा आवाज शंभराच्या आसपास आणि त्याच्या वरही जातो. अब्बांच्या उमेदीच्या काळात कानात घालायला कापसाचा बोळा असायचा, तोही ज्याचा त्यानं घरून आणलेला.

अब्बा बहिरे नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण नातेवाईक सर्रास तसं म्हणतात आणि ते त्यांना लागतं. त्यांना ऐकू येतं, पण चुकीचं ऐकू येतं. साठ म्हटलं की आठ. शाळा म्हटलं की काळा. एकदा अम्मी म्हणाल्या, "जरा सब्र करा," तर हे म्हणाले, "आत्तापासून कब्र कशाला?" आम्ही सगळे हसलो, तेही हसले. पण मग उठून आतल्या खोलीत गेले आणि जेवायलाच बाहेर आले.

डॉक्टरांनी कानाच्या तपासणीचा आलेख समोर ठेवला तेव्हा माझ्यातल्या शिक्षिकेला तो लगेच कळला. खालच्या पट्टीत रेघ बऱ्यापैकी सरळ, आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा. सततच्या गोंगाटानं गेलेल्या कानाची ही ओळखच असते. भाषेत याचा अर्थ असा, की स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती गळतात. मी वर्गात उर्दूचा तलफ्फुज शिकवते. सीन आणि शीन यांच्यासाठी मुलांची जीभ वळवताना माझा अर्धा तास जातो. अब्बांच्या कानात ही सगळी अक्षरं पुसून एकच झाली होती. डॉक्टर म्हणाले, "आवाज वाढवून उपयोग नाही. वाढवलात तर त्यांना गोंगाट जास्त येईल, शब्द नाही."

आमच्या घरात नेमकं तेच चाललं होतं. टीव्हीचा आवाज पन्नासवर. मुलगी दहावीला, दोनच खोल्या, आणि शेजाऱ्यांची भिंत आमचीच. अब्बा बातम्या लावायचे, मुलगी कानात बोटं घालून भूमिती करायची, भिंतीपलीकडून टकटक यायची. मग अब्बांनी टीव्ही लावणंच बंद केलं. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पाण्यानं महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, तेव्हा पाणी कुठंवर आलं हे ते दर दहा मिनिटांनी आम्हाला विचारत होते. समोर बातम्या चालू होत्या. त्या त्यांना समजत नव्हत्या आणि तसं सांगायला ते तयार नव्हते. श्रवणयंत्राचं नाव काढलं की म्हणायचे, "म्हाताऱ्यांचं असतं ते." वय तेव्हा अडुसष्ट.

म्हणून मी स्पीकर शोधायला निघाले. बजेट साडेसहा हजार, तेही ईदीचे आणि भिशीचे जोडून. दुकानात जाण्याआधी ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांना विचारायचं ठरवलं. दुकानदार वस्तू विकतो, घरातला माणूस तिच्याबरोबर राहतो.

सगळ्यात आधी समोरच्या चाळीतली दोन भावंडं. दोघंही सीएनसीवर कामाला. त्यांच्याकडे टू पॉइंट वन, म्हणजे दोन लहान डबे आणि जमिनीवर एक मोठा बेसचा डबा. "भाभी, दणका ऐका!" दणका खरोखरच होता, शोकेसमधले कप वाजायला लागले. मी त्यांना बातम्या लावायला सांगितल्या. निवेदिकेचा आवाज रांजणातून आल्यासारखा. बेसचा डबा खालच्या पट्टीचं काम करतो, आणि ती पट्टी अब्बांना आधीच ऐकू येते. जे येत नाही ते त्या दोन चिमुकल्या डब्यांच्या वाट्याला, आणि त्यांत दोन-अडीच इंचाचा एकेक पडदा. वरातीला छान.

स्टाफरूममधल्या एका मॅडमांकडे साउंडबार आहे. त्या खूश आहेत, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. हल्लीचे टीव्ही इतके पातळ, की त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज भिंतीला धडकून आपल्याकडे येतो. साउंडबार निदान समोर बघून बोलतो. पण तो टीव्हीखालीच राहणार, अब्बांच्या खुर्चीपासून दहा फुटांवर. माझा प्रश्न तिथंच अडकत होता.

दिराचा ब्लूटूथ स्पीकर पाण्याच्या बाटलीएवढा. स्वयंपाकघरात उत्तम, माझी नणंद भाकरी थापताना त्यावर बयान ऐकते. त्याचं म्हणणं, "दोन वर्षं झकास चालला, आता चार्जिंग तासभर टिकत नाही, आणि बॅटरी काढायला तो उघडतच नाही."

कामाचं बोलणं झालं ते एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी. त्यांच्या टेबलावर पुस्तकांच्या रांगेला टेकून लाकडी रंगाचे दोन डबे. एडिफायर कंपनीचे, आर१२८०टी नावाचे, चार इंचाचा मोठा पडदा आणि वर बारक्या आवाजासाठी रेशमी घुमट, दोन्ही मिळून बेचाळीस वॅट. मी म्हटलं, "सर, एवढेच? बाजारात तर हजारांत वॅट सांगतात." ते हसले. खोक्यावर पीएमपीओ म्हणून जो आकडा छापतात तो क्षणभराच्या झटक्याचा, आणि तोही मनाला येईल तसा मोजलेला. आरएमएस लिहिलेला आकडा बघायचा. घरातल्या खोलीला वीस-वीस वॅट रग्गड. ते म्हणाले, "बेस शोधू नकोस. बोलणाऱ्या माणसाचा आवाज लाव आणि तो माणूस खोलीत आहे असं वाटतं का ते बघ."

ही कसोटी त्यांची एकट्याची नाही. बीबीसीनं १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर बनवला, कार्यक्रम टिपायला बाहेर जाणाऱ्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून. त्या स्पीकरचं नाव झालं ते माणसाच्या आवाजाच्या खरेपणासाठी. अब्बांनी तरुणपणी ज्या बीबीसीच्या उर्दू बातम्या शॉर्टवेव्हच्या खरखरीतून ऐकल्या, त्याच संस्थेची ही करामत. आजच्या स्वस्त जोड्यांची बरोबरी त्याच्याशी नाही, पण बांधणी त्याच जातीची: एक मोठा पडदा, एक लहान, आणि घट्ट लाकडी पेटी.

सरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी डायरीत लिहून आणल्या. पहिली, मोठ्या पडद्याची कड रबराची हवी. फोमची कड आपल्या पावसाळी हवेत काही वर्षांत चुरा होऊन गळते. दुसरी, स्पीकर कपाटात कोंबायचे नाहीत आणि कोपऱ्यात लावायचे नाहीत, नाहीतर आवाज घुमतो आणि शब्द त्यात बुडतात.

तिसरी गोष्ट शिरोलीची, ती शहरातल्या एका रिपेअरवाल्यानं सांगितली. स्पीकरच्या पोटात चुंबक असतं. आमच्याकडे कामावरून येणाऱ्याच्या कपड्यांत, खिशांत, केसांत लोखंडाचा बारीक कीस असतो. तो चुंबकाकडे ओढला जातो, कॉइलच्या फटीत बसतो आणि आवाज फाटतो. "एमआयडीसीतला स्पीकर मी न विचारता ओळखतो," तो म्हणाला, "आत काळी पूड असते." तेव्हापासून आमच्या स्पीकरची पुढची जाळी कधी निघत नाही, आणि कामाचे कपडे मागच्या दारालाच उतरतात. खोक्यावरच्या माहितीपत्रकात हे कुठं लिहिलेलं नसतं.

त्याच मापाची, जरा स्वस्तातली एक जोडी घेतली, सहा हजार दोनशेला. टीव्हीजवळ ती ठेवलीच नाही. अब्बांच्या खुर्चीच्या पुढं, डावी-उजवीकडे दोन तिपाया, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, हातभर अंतरावर. आवाज जवळ आला की कमी लागतो. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की सहा डेसिबलचा फरक पडतो. टीव्हीपासून तिथंपर्यंत लाल-पांढऱ्या पिनांची साधी वायर, भिंतीच्या कडेनं खिळे मारून. ब्लूटूथवर आवाज किंचित मागून येतो. तुम्हा-आम्हाला तो फरक चालतो, पण ज्याला कमी ऐकू येतं तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून निम्मं समजून घेत असतो. त्याचे ओठ आणि शब्द जुळलेच पाहिजेत. मग बेस कमी, ट्रेबल थोडा जास्त.

पहिल्यांदा लावली ती तिलावत. अब्बा काही बोलले नाहीत. एका ठिकाणी त्यांनी बोट वर केलं आणि कारीच्या जरा आधी पुढचा शब्द म्हटला. मग बातम्या लावल्या. आवाज अठरावर होता. आतून मुलीनं विचारलं, "टीव्ही बंद आहे का?"

थोरले दीर, आमचे भाईजान, आले तेव्हा त्यांनी नापसंती दाखवली. घरात असा डबा आला की आज तिलावत, उद्या गाणी. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. गाण्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, जुने आहेत, आणि ज्यानं त्यानं आपल्या समजुतीनं चालावं. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गायले, तिथल्या मुसलमान घरांत हा वाद शंभर वर्षं चालू असणारच. अब्बांनी त्यांना एवढंच सांगितलं, "बेटा, तू काय बोललास ते आज मला पहिल्या फटक्यात समजलं. बस, चहा घे."

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी गेले. सगळ्या वाहिन्यांवर त्यांचा जुना आवाज. अब्बा सरळ होऊन बसले. १९५२ साली बिनाका गीतमाला सुरू झाली ती रेडिओ सिलोनवर, कारण तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर, आपले मराठीच, त्यांना आकाशवाणीवर सिनेसंगीत नको होतं. विविध भारती आली ती १९५७ मध्ये. अब्बांच्या लहानपणी कुणाच्या तरी ओट्यावरच्या रेडिओभोवती गल्ली जमायची. मी त्यांना सांगितलं की सायानींच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायच्या, एकच मजकूर उर्दू, देवनागरी आणि गुजराती लिपीत, नव्यानं वाचायला शिकणाऱ्यांसाठी. अब्बा म्हणाले, "म्हणूनच शब्द इतका साफ." मग बराच वेळ ते आम्हाला सांगत राहिले, कोणतं गाणं कितव्या पायदानावर होतं. एवढं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

स्पीकरनं कान बरे होत नाहीत. मशिदीत, लग्नात, बसमध्ये अब्बांची अडचण तशीच आहे. पण एकदा शब्द साफ ऐकल्यावर न ऐकणं त्यांना खटकू लागलं, आणि मागच्या उन्हाळ्यात ते स्वतःहून श्रवणयंत्राच्या मापासाठी गेले. आता घरात स्पीकर आणि बाहेर यंत्र. गोंगाटानं येणारा बहिरेपणा कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रोग म्हणून नोंदलेला होता आणि ईएसआयच्या कायद्यातही व्यवसायजन्य आजारांत धरलेला होता. अब्बांच्या पिढीत हे कुणी त्यांना सांगितलं नाही. ज्यांच्या घरी आज कुणी फौंड्रीत, प्रेस शॉपवर किंवा फोर्जिंगला आहे, त्यांनी नोकरी चालू असतानाच कानाची तपासणी करून कागद जपून ठेवावेत.

आमच्या घरातही एक जण आहे. माझे शौहर मशीन शॉपवर आहेत, वय सत्तेचाळीस. कंपनी इअरप्लग देते. ते डबीतच असतात, घामानं खाजतं म्हणून. परवा रात्री अब्बा झोपायला गेल्यावर हे खुर्चीत बसले, आणि आवाज अठराचा चोवीस केला. मी काही बोलले नाही. गुरुवारी त्यांची दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी असते. अकराची वेळ घेतली आहे.