पाटणच्या बहालात दोन रात्री

काठमांडूहून बागमती नदी ओलांडली की पाटण लागते. तेथील जुन्या वस्तीत एका छोट्या अतिथीगृहात आम्ही चौघे दोन रात्री उतरलो होतो. विटांचे घर, कोरीव लाकडी खिडक्या, वाकूनच शिरावे असा दरवाजा आणि स्वयंपाकघर सर्वांत वरच्या मजल्यावर! खाली फरसबंद चौक, मधोमध चैत्य. अशा चौकाला तेथे 'बहाल' म्हणतात. बहाल म्हणजे मूळचा विहारच. पहाटे घरातील आजी चैत्याला फुले वाहत. मग दिवसभर त्याच्याभोवती मुले खेळत. हे पाहून आमचे मन भरून आले.

जवळच हिरण्यवर्ण महाविहार आहे. तो पाहायला कोणालाही जाता येते. पण त्याच्या संघाचे सदस्यत्व शाक्य व वज्राचार्य कुळांत जन्मलेल्या पुरुषांनाच मिळते. बुद्धाच्या अंगणातही जन्म विचारला जातो, हे आम्हाला खटकले. नागपूरच्या दीक्षेनंतर पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. ज्यांनी जन्माची उतरंड नाकारून धम्म दिला, त्यांची येथे फार आठवण झाली.

बांधवांनो, लुंबिनीला गेलात तर पाटणलाही मुक्काम करा. दारातला चैत्य रोज कसा जपावा, हे त्या आजींकडून शिकण्यासारखे आहे. जन्माची अट मात्र आपल्या विहारात कधीही शिरू देऊ नका.